उपवासाचा रिकामा रकाना

माझा स्वभाव चुका शोधण्याचा. नोकरीही तशीच मिळाली. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात होते. समोर आलेला भाग मापात बसतो की नाही ते बघायचं, नसेल बसत तर लाल खूण करून बाजूला टाकायचा. दिवसभर हेच केल्यावर घरी आलं तरी डोळे थांबत नाहीत. पोळीचा कच्चा राहिलेला काठ, नवऱ्याने दाराशी वाकडे काढलेले बूट, कुकरची सैल झालेली रिंग, सगळं आधी मला दिसायचं. घरातले मला वचकून असायचे आणि मला त्याचा, खोटं कशाला बोलू, अभिमान होता.

तेव्हा गुडगाव नुकतं उभं राहत होतं. आमच्या बाल्कनीतून एकीकडे काचेची इमारत चढताना दिसे आणि दुसरीकडे मोहरीचं शेत. पाणी टँकरने यायचं, वीज दिवसातून चारदा जायची, पण खालच्या नव्या दुकानात बिस्किटांचे इतके प्रकार मांडलेले असत की निवडताना गोंधळ व्हावा. आमच्या आईवडिलांनी जे फक्त पाहुण्यांपुढे ठेवलं, ते आम्ही कंपनीची बस पकडताना एका हाताने खात होतो. आपलं बरं चाललं आहे असं वाटण्याचे ते दिवस होते.

सासरे फौजेत सुभेदार होते. निवृत्तीनंतरही दिल्ली कँटच्या, म्हणजे छावणीच्या, जवळच भाड्याने राहिले आणि तिथेच वारले. मग सासूबाई आमच्याकडे आल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या एका खेड्यातल्या, पण तीसेक वर्षं लष्करी क्वार्टरांत काढलेल्या. हिंदी फर्डी बोलायच्या, सातारी हेल मात्र तसाच. आमच्या चौथ्या मजल्यावर त्यांचं मन रमेना, म्हणून आठवड्यातून एकदा त्या एकट्या कँटला जायच्या. धौला कुआँला उतरायचं, दुसरी बस पकडायची, देवळात जायचं, जुन्या मैत्रिणींना भेटायचं आणि संध्याकाळी परत. कंडक्टर हात द्यायला आला तर झिडकारायच्या. साठी उलटलेली ती बाई बसचा नंबर लांबून वाचायची आणि पदर खोचून पुढे व्हायची. हे बघायला मला आवडायचं, पण तसं मी कधी त्यांना म्हटलं नाही.

त्यांना साखरेचा आजार पाच-सहा वर्षांपासून होता. गोळ्या चालू होत्या. आमच्याकडे आल्यावर मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून. डॉक्टर बराच वेळ दिवा मारून आत बघत राहिले. मग म्हणाले, पडद्यावर रक्त झिरपतंय. लेझर करून थोडं थांबवता येईल, पण साखर खाली आली नाही तर दोन-तीन वर्षांत दोन्ही डोळे जातील. सासूबाईंनी एकच विचारलं, "बस का नंबर दिखेगा ना, डॉक्टरसाब?" डॉक्टर म्हणाले, "शुगर कंट्रोल करेंगी तो बिल्कुल दिखेगा."

त्या दिवशी घरी येऊन मी तक्ता केला. कारखान्यात करायचे तसाच, पट्टीने रेघा मारून. वार, सकाळ, दुपार, चार वाजता, रात्र, गोळी, चालणं, आणि शेवटी महिन्याच्या रक्ततपासणीचा आकडा. फ्रिजवर चिकटवला. भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, साखर तर बंदच. त्याऐवजी बाजरीची नाहीतर नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, काकडी-मुळा-गाजराच्या चकत्या, कारल्याची कोरडी भाजी, चार वाजता भाजलेले चणे. आहाराच्या पुस्तकात बघून, डॉक्टरांना विचारून केलेला तो तक्ता होता आणि त्यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती. नवरा विक्री विभागात, अर्धा महिना फिरतीवर. तो तक्ता बघून म्हणाला, "आईचं नशीब चांगलं, तू आहेस." मी फुगले.

सासूबाईंनी तक्रार केली नाही. ताट घेऊन त्या बाल्कनीच्या दाराशी बसायच्या, हळूहळू जेवायच्या. आम्ही उठलो तरी त्यांचं चालूच असे. मी परत येऊन बघे तर ताट स्वच्छ. मी तक्त्यात बरोबरची खूण करी. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर गाई बसलेल्या असत आणि सासूबाई खाली फिरायला गेल्या की त्यांना काहीतरी घालत. फौजी माणसाची बायको, देवभोळी, गाईला घास घालणारच, असं मी धरून चालले.

सुरुवातीला त्यांना उपवास फक्त संकष्टी आणि एकादशीचा असायचा. मग गुरुवार सुरू झाला. दोन महिन्यांनी सोमवार. श्रावणात शनिवार जोडला आणि श्रावण संपला तरी तो सुटला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "देवाजवळ डोळे मागितलेत." यावर कोण काय बोलणार? उलट मला बरंच वाटलं. आठवड्यातले तीन दिवस उपवास म्हणजे तीन दिवस जेवण नाही, म्हणजे साखर उतरणार. साखरेच्या गोळ्या देणाऱ्या कॉलनीतल्या डॉक्टरांना मी सांगितलं, "माताजी हफ्ते में तीन दिन व्रत रखती हैं." ते पंजाबी. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची स्वतःची आई आली असणार, दिवसभर पाण्यावर राहून संध्याकाळी दोन घास खाणारी. "अच्छा है, खाना थोड़ा कम जाएगा," म्हणाले, आणि गोळीची वेळ तेवढी बदलून दिली.

आता आपल्या उपवासात काय असतं हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ, शिकरण, राजगिऱ्याचा मऊ लाडू. पहाडगंजच्या एका घाऊक दुकानातून पाच-पाच किलो साबुदाणा मी स्वतः आणत असे. आदल्या दिवशी भिजत मीच घालायची. सकाळी सहाच्या बसच्या आधी खिचडी करून, झाकून ठेवून मी मानेसरला जायची. आणि तक्त्यात त्या दिवसाच्या चार रकान्यांवर एक आडवी रेघ मारून वर लिहायची, उपवास. खाली काही नाही. भात बंद केलेल्या बाईला मी आठवड्यातून तीन दिवस वाडगाभर साबुदाणा देत होते आणि तो माझ्या हिशोबात अन्नच नव्हता. आपल्याकडे उपवासाचं खाणं खाण्यात धरतच नाहीत. मीही धरलं नाही. क्वालिटीतली नोकरी करून.

साखर उतरेना. उलट चढत गेली. गोळी वाढली, मग दुसरी गोळी आली. मी तक्ता पुन्हा पुन्हा तपासला. सगळ्या खुणा बरोबर होत्या. मग माझ्या डोक्याने जे एकच उत्तर काढलं ते असं, की तक्ता बरोबर आहे म्हणजे बाई चोरून खात आहेत. एका रविवारी त्या कँटला गेल्या असताना मी त्यांची ट्रंक उघडली. साड्यांच्या खाली ग्लुकोजच्या बिस्किटांचे दोन पुडे निघाले, एक अर्धा संपलेला. शेजारी लवंगांची डबी. मला राग आला, पण त्याहून जास्त आनंद झाला, चूक सापडल्याचा. पुडे उचलले आणि कचऱ्यात टाकले. संध्याकाळी त्यांनी ट्रंक उघडली, बंद केली, एक शब्द बोलल्या नाहीत. मी म्हटलं, समजलं असेल.

तो गप्पपणा तसाही जुनाच होता. वर्षभरात त्या बोलायच्या कमी झाल्या होत्या. हसताना तोंडावर पदर घ्यायच्या. अंगाला सतत लवंगेचा वास यायचा. मी समजले, नवरा गेलेली बाई आहे, दुःखात असेल. इतक्या सगळ्या गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्यांच्या ताटाकडे बघत होते.

त्या संक्रांतीला आमच्या सेक्टरमधल्या आठ-दहा मराठी बायका एका घरी जमल्या. पुण्या-मुंबईहून नोकऱ्यांसाठी आलेल्या सगळ्या, हळदीकुंकवाला हौसेने काळ्या साड्या नेसलेल्या. सासूबाईंना मी बरोबर नेलं. विधवा म्हणून त्या आपणहून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. यजमानीणबाईंनी मात्र त्यांना वाकून नमस्कार केला आणि हातात तिळाची वडी ठेवली. सासूबाईंनी ती घेतली, कपाळाला लावली आणि हळूच रुमालात गुंडाळायला लागल्या. मी खोलीच्या पलीकडून ते पाहिलं.

"आई, ठेवा ती खाली," मी म्हणाले. "घरी चोरून खाता तेवढं पुरे नाही का?"

मी ओरडले नव्हते. कारखान्यात सुपरवायझरशी बोलते त्याच आवाजात बोलले होते. एकजण उगाच वाणाच्या डब्या मोजायला लागली. सासूबाईंनी रुमाल उलगडला, वडी परत ताटात ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. घरी येताना मी त्यांना समजावत होते, डोळ्यांचं किती गंभीर आहे, मी कुणासाठी हे करते. त्या म्हणाल्या, "खरंय बाई तुझं."

फेब्रुवारीत एके सकाळी त्या उठल्याच नाहीत. अंगात ताप. पदर बाजूला केला तर उजवा गाल टम्म सुजलेला, डोळ्यापर्यंत. मार्केटमध्ये दातांचा एक नवाकोरा दवाखाना उघडला होता, तिथे रिक्षाने घेऊन गेले. डॉक्टर तिशीची मुलगी होती, बहुतेक रोहतककडची. तिने तोंड उघडायला सांगितलं तर सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागतात तसं. मग उघडलं.

मी तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडात बघत होते. हिरड्या जांभळ्या, सुजून दातांवरून खाली उतरलेल्या. डॉक्टरने नुसतं बोट लावलं तर दात हलायचे. मागच्या दाढांशी पू होता.

"माताजी को शुगर है?" तिने विचारलं. दुसरा प्रश्न, "खाती क्या हैं?"

मी पाठ असलेला तक्ता म्हणून दाखवला. बाजरीची भाकरी, मटकी, गाजर, भाजलेले चणे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, इन दाँतों से? चना छोड़िए, ये तो रोटी का किनारा भी नहीं चबा सकतीं." आणि माझ्याकडे पाठ करून तिने त्यांनाच विचारलं, "माताजी, आप बताइए. सच में क्या खाती हैं?"

सासूबाई सुजलेल्या तोंडाने म्हणाल्या, "साबूदाना. केला. चाय में बिस्कुट भिगो के." मग म्हणाल्या, "रोटी गाय खाती है."

त्या मुलीने मला बसवून समजावलं. साखर वाढली की हिरड्या सडतात. हिरड्यांत पू साठला की शरीराची साखर आवरता आवरत नाही, मग गोळ्या कितीही वाढवा. दात हलले की माणूस मऊ खातो, आणि मऊ ते बहुतेक सगळं साखर वाढवणारंच असतं. म्हणजे तिन्हीकडून. हे कुणालाच कसं दिसलं नाही, असं तिने विचारलं. साखरेच्या डॉक्टरांनी कधी तोंड उघडायला सांगितलं नव्हतं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे बघितले होते. मी रोज समोर बसत होते.

रिक्षात मी विचारलं, "केव्हापासून दुखतंय?"

"तुमच्याकडे आले त्या दिवाळीपासनं."

"मग सांगितलं का नाही, आई?"

तेव्हा त्यांनी भावाचं सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावालाही साखरेचा आजार होता, पण तेव्हा तो कुणाला माहीत नव्हता. बाजाराच्या दिवशी गावात दात काढणारा एक फिरता माणूस यायचा, त्याच्याकडून त्याने दाढ काढून घेतली. जखम भरलीच नाही. जबडा सुजला, गळा सुजला, पंधरा दिवसांत गेला. "म्हटलं, तुला सांगितलं की तू दुसऱ्या दिवशी दात उपटायला नेशील," त्या म्हणाल्या. "तू काही थांबणारी बाई न्हवंस. उपासाला चावावं लागत न्हाई. मग उपास धरले."

"डोळ्यांसाठी धरले म्हणालात."

"डोळे पण मागितले की. खोटं न्हाई बोलले." मग म्हणाल्या, "तू सारखं विचारायचीस, खाल्लं का, किती खाल्लं. दुखतंय का असं विचारलं असतंस, तर एखाद्या वेळी तोंडातनं निघून गेलं असतं."

मी रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

पुढचं सगळं हळूहळू झालं. आधी इन्सुलिन देऊन साखर उतरवली, पू काढला, मग आठवड्याला एक-दोन करत दात काढले. पहिला दात काढताना त्यांनी माझा हात इतका आवळला की बांगडी वाकली. रात्री मी दोनदा उठून श्वास बघितला. जखम भरली. दुसरी भरली. तिसऱ्या वेळी त्या माझा हात न धरता खुर्चीत बसल्या. तक्ता मी फाडून टाकला आणि नव्याने स्वयंपाक शिकले, त्यांना चावावं न लागणारा आणि साखर न वाढवणारा. मुगाचं घट्ट कढण, पालक घालून शिजवलेली डाळ, ताकातली नाचणीची आंबील, घोटलेला दुधी, मऊ अंडं. उपवास त्यांनी स्वतःच सोडले, फक्त एकादशी ठेवली आणि त्या दिवशी ताक प्यायच्या. साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा तीन वर्षांत पहिल्यांदा खाली आला. उन्हाळ्याच्या शेवटी कवळी बसली.

मी आनंदाने सासूबाईंना आणि ते कागद घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बघितले, चांगले आहेत म्हणाले. मग दिवा मारला. उजवा डोळा आतून रक्ताने भरून गेला होता. डावा त्याच वाटेवर होता. लेझर केलं, पुन्हा केलं. "हे आकडे दीड वर्षापूर्वी आले असते तर," एवढं म्हणून ते थांबले. दीड वर्षापूर्वी मी गुरुवार आणि सोमवारवर आडव्या रेघा मारत होते. पावसाळा संपेपर्यंत त्यांना उजेड आणि हलणाऱ्या सावल्या तेवढ्या दिसत राहिल्या. कँटला जाणं संपलं. मी सुटीच्या दिवशी टॅक्सीने नेते म्हटलं तर एकदा आल्या आणि मग नको म्हणाल्या. धौला कुआँला त्या खिडकीची काच खाली करून बसल्या होत्या. बसचे आवाज येत होते.

दिवाळीच्या आधी, भाजी निवडताना, मी त्यांची माफी मागितली. संक्रांतीला बोलले त्याबद्दल. मला वाटलं त्या जाऊ दे म्हणतील. आईसारख्या बायका तसंच म्हणतात असं मी वाचलेलं आणि बघितलेलं होतं.

मेथीची जुडी चाचपडत त्या म्हणाल्या, "त्या बायकांना सांगितलंस का?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग? मला तर ठाऊकच होतं मी चोर न्हाई ते."

पुढच्या संक्रांतीला त्याच बायका आमच्याकडे जमल्या. मी मुद्दाम बोलावलं होतं. कोपऱ्यातली खुर्ची काढून टाकली आणि त्यांना दिवाणावर मध्ये बसवलं. दोन-तीनदा बोलायचं टाळलं, चहा केला, वाण दिलं. त्या आवाजांच्या दिशेने मान वळवत बसल्या होत्या. शेवटी मी उभी राहिले. गेल्या वर्षी मी आईंना तुमच्यासमोर जे म्हटलं ते खोटं होतं, त्यांचे दात सडले होते, त्यांना चावता येत नव्हतं, म्हणून वडी रुमालात बांधत होत्या, आणि तीन वर्षं मी त्यांना एकदाही विचारलं नाही, असं सगळं एका दमात सांगितलं. कुणी म्हणालं, अगं जाऊ दे. कुणी म्हणालं, होतं असं. एकजण नाक पुसत होती. मग कुणीतरी मुलांच्या परीक्षांचा विषय काढला.

सगळ्या गेल्यावर मी कपबशा उचलत होते. सासूबाई दिवाणावरच होत्या.

"कुणाचं तोंड उतरलं होतं गं?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "तेवढं बघण्यापुरते तरी डोळे हवे होते," त्या म्हणाल्या.